जुन्या उताऱ्यावर नाव कोणाचं, एवढंच विचारून भागणार नाही

खानदेशात जुन्या कागदांना सध्या बरे दिवस आले आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जिल्ह्याजिल्ह्यातली मोडी दप्तरं सोडली गेली. त्याच्या आधीपासूनच महामार्गाचा मोबदला, तापीवरच्या बॅरेजसाठी गेलेली जमीन, सौर प्रकल्पांचे भाडेपट्टे आणि सातपुड्यातले वनहक्काचे दावे यांपायी लोक तहसीलच्या अभिलेख कक्षाचे हेलपाटे घालत आहेत. त्यातून उभा राहिलेला वाद मात्र फार ढोबळपणे घातला जातोय. एक बाजू म्हणते, इंग्रजांच्या वेळच्या कागदावर ज्याच्या पणजोबाचं नाव, जमीन त्याची. मधलं सगळं लबाडीचं. दुसरी बाजू म्हणते, सातबारा आता ऑनलाइन झाला, डिजिटल सही झाली, शंभर वर्षांपूर्वीचं कशाला उकरायचं? आणि ते दप्तर तरी कोणी लिहिलं? परक्या सरकारने, साऱ्यासाठी. दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. दोघंही त्या कागदाला निकाल समजतात. एकाला तो आपल्या बाजूचा वाटतो, दुसऱ्याला विरोधातला. माझं म्हणणं असं की वसाहतकाळातला जमिनीचा कागद ही साक्ष आहे. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची असते, त्याला कोर्टाबाहेर हाकलायचं नसतं आणि त्याच्या शब्दावर डोळे मिटून निवाडाही द्यायचा नसतो. ही उलटतपासणी गावातल्या साध्या माणसालाही घेता यावी, म्हणून सोयीचा तेवढाच भाग न उघडता सगळं दप्तर खुलं झालं पाहिजे.

आधी तो कागद मुळात काय आहे ते पाहू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा मुलूख उजाड होता. गावंच्या गावं ओस पडलेली, विहिरी बुजलेल्या, वावरांत बाभळी माजलेल्या. पुणे-साताऱ्याकडे मिरासदार घराणी पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क सांगत होती. खानदेशात मिरास त्या मानाने विरळ होती. इथली पडीक जमीन बरीचशी कौलावर लावली गेली, म्हणजे पहिली काही वर्षं नाममात्र सारा आणि पुढे चढत्या दराचा इस्तावा. कौल घेणाऱ्याने जमीन कसावी आणि सारा भरावा, एवढाच त्या कागदाचा अर्थ. १८५२ मध्ये मोजणीच्या साखळ्या आल्या तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल इथले लोक बिथरले आणि फौज आणावी लागली. मोजणीमागून सारावाढ येणार, हा त्यांचा संशय होता. मोजणी पुढे झालीच, आणि प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे एक नाव आलं. ते साऱ्यासाठी सरकारला जबाबदार असणाऱ्याचं नाव होतं. वावर प्रत्यक्षात कोण कसतं, भावांचे हिस्से किती, गहाण कोणाकडे पडलंय, हे लिहून ठेवायची गरज सरकारला १९०३ पर्यंत वाटली नाही. त्या वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि आपण जिला फेरफार म्हणतो ती हक्क बदलल्याची नोंद मागाहून गावोगाव सुरू झाली. म्हणजे चार-पाच दशकं दप्तरात नाव सापडतं, हक्काचा तपशील सापडत नाही. आजच्या जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सुद्धा विरुद्ध पुरावा येईपर्यंत नोंद खरी मानून चाला, एवढंच सांगतं. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी निकालांत सांगून झालंय.

खानदेशात चहा-कॉफीचे मळे नव्हते. इथं कापूस होता, भडगावला सरकारचं प्रायोगिक शेत होतं, आणि साग-बाभळीची राखीव जंगलं होती. तरीही मळ्यांच्या जमिनीवरून दक्षिणेत जे झगडे झाले ते आपल्याकडच्या वाद घालणाऱ्यांनी अवश्य वाचावेत. मुन्नारच्या डोंगरातली सव्वा लाखाहून जास्त एकर जमीन १८७७ मध्ये पूंजारच्या राजाने एका इंग्रजाला लिहून दिली. दस्त खरा, सही खरी. पण १९७१ मध्ये केरळ सरकारने कायदा करून लागवडीखाली नसलेली जमीन काढून घेतली आणि मामला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा कोर्टाला शोधावं लागलं ते वेगळंच: त्या राजाचा स्वतःचा हक्क नेमका कोणत्या प्रकारचा होता? आपल्या शेजारी गुजरातेतल्या डांगमध्ये हाच प्रश्न पडतो. १८४२ मध्ये इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून सागासाठी जंगलं पट्ट्याने घेतली. पट्ट्यावर राजांच्या निशाण्या आहेत. पण ज्या जंगलात अख्खी वस्ती वणवण करून पोट भरत होती, ते एकट्या राजाने द्यायचं होतं का? कागद अस्सल असणं आणि कागद देणाऱ्याकडे ते द्यायचा अधिकार असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरळातच पुढे विशेष अधिकारी नेमून जुन्या दस्तांवरून मळ्यांच्या कंपन्यांची मालकी खोटी ठरवण्याचा प्रयत्न झाला, आणि २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की असा निकाल अधिकाऱ्याने देता येत नाही, दिवाणी कोर्टात जा. ‘कागद सापडला, आता जमीन द्या’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग माग काढायचा कसा? इथं चर्चेत नेहमी हातवारेच जास्त होतात, म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा शहाद्याकडच्या एका गावातला गट नंबर १४ आहे, क्षेत्र १ हेक्टर ६२ आर. आजच्या सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात फेरफार नंबर असतात. त्यांतला सगळ्यांत जुना घ्यायचा, तो फेरफार काढायचा, त्यात ज्या आधीच्या नोंदीचा उल्लेख असेल तिच्याकडे जायचं. अशी एकेक पायरी उतरत माणूस एकत्रीकरण योजनेपर्यंत येतो आणि तिथंच बहुतेकांचा माग तुटतो. कारण १९४७ च्या कायद्याखाली तुकडे जोडून गट पाडले गेले, गटाला नवा नंबर मिळाला, आणि जुना सर्व्हे नंबर सातबाऱ्यावरून पुसला गेला. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून योजनापत्रकाचा उतारा घ्यावा लागतो. त्यावरून समजा कळलं की गट १४ म्हणजे जुना सर्व्हे नंबर ३७ चा हिस्सा २, क्षेत्र ४ एकर ० गुंठे. हेक्टरचं गणित इथंच पडताळायचं: एक हेक्टर म्हणजे साधारण २ एकर १९ गुंठे, एकराचे गुंठे ४०. दोन-तीन गुंठ्यांचा फरक पूर्णांकाचा किंवा पोटखराब्याचा, म्हणजे लागवडीला अयोग्य तुकड्याचा, असू शकतो. वीस गुंठ्यांचा फरक आला तर चुकीच्या हिश्शाच्या मागे लागलो असं समजून परत फिरायचं.

सर्व्हे नंबर हाती आला की रस्ता मोकळा होतो. सातबारा येण्याआधीच्या वर्षांसाठी पाहणी पत्रकं, त्याआधी क-ड-ई पत्रक, त्याच्याही मागे हक्कनोंदीचे पहिले फेरफार. हिस्से कधी पडले ते फाळणी बारा आणि गुणाकार बुकावरून कळतं; आकार (म्हणजे साऱ्याची रक्कम) आणि क्षेत्र का बदललं ते कमी-जास्त पत्रकावरून, ज्याला कचेरीत सगळे क.जा.प. म्हणतात. खरेदी-गहाणाचे दस्त दुय्यम निबंधकाकडच्या सूचीत शोधायचे. मोजणीच्या काळातलं नाव शेतवार पत्रकात, आकार आकारबंदात, आणि हद्द टिपणावर, म्हणजे मोजणीच्या वेळच्या मापं घातलेल्या कच्च्या नकाशावर. टिपण वाचायला शिकणं अवघड नाही. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. आणि एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा. टिपणावरची लांबी साखळी-आण्यांत असते हे माहीत नसल्यामुळे ‘जुन्या कागदावर बांध आत होता’ अशी भांडणं वर्षानुवर्षं चालतात.

गावाच्या नावातही फसगत होते. एकाच नावाची दोन-तीन गावं खानदेशात ठिकठिकाणी आहेत. बुद्रुक-खुर्द पाहायचंच, पण नावापुढचं ‘प्र.’ म्हणजे परगणा आणि ‘त.’ म्हणजे तर्फ हे सोडून द्यायचं नाही. ‘प्र. नंदुरबार’ आणि ‘त. बोरद’ या शेपट्या म्हणजे जुन्या कारभाराचा पत्ता आहे. मालेगाव आणि बागलाणचे १८६९ पूर्वीचे कागद खानदेशच्या कलेक्टरच्या दप्तरात पाहावे लागतात, कारण नाशिक जिल्हा तेव्हा झाला. यावल-चोपड्याकडचा मुलूख शिंद्यांकडून १८४४ च्या सुमारास इंग्रजांकडे आला, तेव्हा तिथं १८१८ पासूनची इंग्रजी दप्तरं शोधत बसण्यात अर्थ नाही. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले. मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, पुण्याचं पेशवे दप्तर आणि धुळ्याचं १९२७ पासूनचं राजवाडे संशोधन मंडळ या तिन्ही ठिकाणी खानदेशचे कागद आहेत, पण प्रत्येक ठिकाणचे कागद वेगळ्या जातीचे. तालुक्याचे मोजणी अहवाल मुंबई सरकारने छापलेले आहेत. ते इंग्रजीत आहेत, तरी गावचा आकार का वाढवला याची कारणं त्यांत सापडतात.

आता पहिल्या बाजूला विचारायचा प्रश्न. एवढं सगळं करून समजा शेतवार पत्रकात सर्व्हे नंबर ३७ पुढे एका भिल्ल नाइकाचं नाव सापडलं, आणि १९११ च्या फेरफारात सावकाराचं. मधे काय झालं? फेरफाराचं पान नीट पाहा. डावीकडे नोंदीचा नंबर, मधे तलाठ्याच्या हातचा मजकूर: अमुक तारखेच्या दस्ताने, अमुक रुपयांस, मुदतखरेदी. खाली ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’, शाईचा एक पसरट डाग. शेवटी सर्कल अधिकाऱ्याची लाल शाईतली ‘मंजूर’. सगळी गोष्ट ‘मुदतखरेदी’ या एका शब्दात आहे. मुदतीत पैसे परत दिले तर जमीन परत, नाही दिले तर ती खरेदी कायम. म्हणजे रूप खरेदीचं, आणि आत गहाण. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, तेव्हा खानदेशात कर्ज सहज मिळत होतं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज तेवढं उरलं. असे दस्त लिहून घेण्याची रीत इतकी बोकाळली होती की १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टांना कागदाच्या रूपाआड जाऊन खरा व्यवहार शोधायची मुभा दिली. तो कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना होता. खानदेश त्यात नव्हता. म्हणून इथली त्या काळातली ‘खरेदी’ वाचताना रकमेकडे, मुदतीकडे, आणि व्यवहारानंतर जमीन कोण कसत राहिलं याकडे पाहिल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही. पाहणी पत्रकात कसण्याची रीत ‘खुद्द’, म्हणजे स्वतः, आहे की वाट्याने, ही एक चिमुकली नोंद इथं फार मोलाची ठरते. सावकाराचं नाव आलं आणि कसणारा तोच राहिला, तर ती खरेदी कसली होती?

दुसरीकडे, पणजोबाचं नाव सापडलं म्हणून नाचणाऱ्यांनी नावाच्या बाजूची अक्षरं वाचावीत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: जमीन सगळ्या भावांची, नाव थोरल्याचं. हीच तीन अक्षरं पुढच्या नोंदीत उतरवताना गळली की धाकट्यांचे वंश भूमिहीन होतात आणि थोरल्याचे वंशज प्रामाणिकपणे समजतात की सगळं आपलंच. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: आई मुलाच्या वतीने उभी आहे, मालक म्हणून नव्हे, आणि बहिणीचं नाव तर कशातच नाही. मालक म्हणून ज्याचं नाव होतं त्याची जमीन १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कायद्यानेच कुळाकडे गेली असेल, तर जुन्या उताऱ्यावरचं ते नाव इतिहास आहे, दावा नाही. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून लोक झगडले, तेव्हा तो कायदा झाला. आज पणजोबांच्या नावाचा उतारा दाखवून तो उलटा फिरवायचा म्हणजे मधल्या साठ-सत्तर वर्षांच्या घामाला काही किंमत नाही असं म्हणणं होईल.

आता विरोधी बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं घेऊ, कारण ते खरोखर बळकट आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या व्यवहारांचं भूत उठवलं तर आज कसणाऱ्याचं काय? त्याने रीतसर पैसे देऊन घेतलेली जमीन आहे, विहीर पाडली, ठिबक टाकलं, केळी लावली, सोसायटीचं कर्ज काढलं. त्याचा दोष काय? कायद्यालाही हे मान्य आहे. गहाण सोडवायला १९०८ च्या मुदत कायद्यात ६० वर्षं होती, १९६३ च्या कायद्यात ३० आहेत. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, पण तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या हस्तांतरणांपुरताच. सर्व्हे नंबर ३७ ची १९११ ची मुदतखरेदी या कशातच बसत नाही. ती जमीन कागद दाखवून परत मिळणार नाही, आणि मिळेल अशी आशा लावणारा माणूस त्या कुटुंबाची फसवणूकच करतो. हे सगळं मला मान्य आहे.

पण यातून ‘म्हणून जुने कागद बघूच नका’ असं कसं निघतं? जमीन परत मागणे हा माग काढण्याचा एकच उपयोग आहे, आणि तो सर्वांत लहान. हाडोळ्याच्या, म्हणजे महारांना गावकामाबद्दल मिळालेल्या वतनी, जमिनीचंच बघा. महार वतनाच्या जमिनींवरची गुलामी संपवायला बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं. वतन प्रत्यक्ष गेलं १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. कब्जाहक्काची रक्कम भरून जमीन मूळ वतनदाराला परत द्यायची, आणि परवानगीशिवाय विकायची नाही अशी शर्त. आज त्यातल्या कित्येक जमिनी दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारची परवानगी लागणारी जमीन) असा शिक्का आहे, किंवा तो शिक्का मधेच कुठेतरी गळलेला आहे. अशा जमिनी वर्ग १ करायचे अर्ज येतात तेव्हा कोणी मागे जाऊन बघतं का, की शर्त कधी घातली, नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) कोणी भरला, पहिली विक्री परवानगीने झाली की नाही? ही परत देण्याची गोष्ट नाही, आज सही करायच्या कागदाची गोष्ट आहे. भिल्ल जागल्यांची वतनं, देवस्थान इनामं, गायरानं, पाटस्थळ (पाटाच्या पाण्यावरच्या) जमिनींचे पाण्याचे हक्क, सगळ्यांचं हेच. पांझरेच्या बंधाऱ्यांवर फडाचं, म्हणजे वाटून घेतलेलं सामाईक, पाणी कोणत्या वावराला होतं, हे जुन्या पत्रकातल्या ‘पाटस्थळ’ या शब्दावाचून सिद्ध कसं करणार? संपादनात बागायतीचा मोबदला घ्यायचा की जिरायतीचा, हा भेद अनेकदा त्या एका शब्दावर येऊन ठेपतो.

दुसरा आक्षेप असा की हे लुटणाऱ्यांचं दप्तर आहे. त्याला पुरावा मानणं म्हणजे लूट मान्य करणं. यातली कळकळ मी समजू शकतो. सातपुड्यातल्या माणसाचं नाव इंग्रजी कागदात बहुधा दंड भरणारा म्हणूनच आलंय. पण वनहक्काच्या दाव्यांत नेमकं काय घडलं ते पाहा. २००६ च्या कायद्याखालच्या नियमांत पुरावा म्हणून सरकारी नोंदी, गॅझेटिअर, मोजणी अहवाल, जंगल खात्याच्या कार्ययोजना तर आहेतच, शिवाय दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांची जबानी, आणि जमिनीवरच्या खुणा: घरं, बांध, विहिरी, देवस्थानं, मसणवटा. एकाहून अधिक पुरावे पाहायचे, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरायचा नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडच्या लोकांनी काय काढलं? बाप-आजांनी जपून ठेवलेल्या एकसाली प्लॉटच्या, म्हणजे वर्षापुरत्या कसायला मिळालेल्या जंगलजमिनीच्या, आणि अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या. ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरवलं, त्यानेच ते तिथं कसत होते हे सिद्ध केलं. ते दप्तर जाळून टाकलं असतं तर फायदा कोणाचा झाला असता? अक्राणीतल्या (धडगावकडच्या) कित्येक गावांची मोजणी विसाव्या शतकात उशिरापर्यंत झालेली नव्हती. तिथं शेतवार पत्रक मागणं हा अन्याय, आणि पावती नाकारणं हा दुसरा अन्याय.

‘कागद नाही तर हक्क नाही’ हा नियम आपल्याकडे एकदा लावून झालाय. १८५२ चा इनाम कमिशनचा कायदा. इनामदारांनी सनदा दाखवाव्यात, नाही दाखवल्या तर इनाम खालसा. लुटालुटीत, आगीत, वाळवीने ज्यांचे कागद गेले त्यांची हजारो इनामं त्यात गेली, आणि दख्खनभर जो संताप माजला तो १८५७ च्या तोंडावरचा. त्याआधीची आपली रीत यापेक्षा शहाणी होती. वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसायची, पाटील-कुळकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे लोक साक्षी द्यायचे, सनद-पत्रं वाचली जायची, आणि महजर व्हायचा. महजरात नुसता निकाल नसतो, कोण काय म्हणालं तेही असतं. त्यातही खोटे महजर होते, दांडगाई होती, बाईचं म्हणणं कोणी विचारत नव्हतं. ते सोनेरी युग नव्हतं. पण कागद आणि पांढरीची, म्हणजे गावाची, जबानी एकमेकांसमोर ठेवायची, ही पद्धत २००८ च्या वनहक्क नियमांत परत आली आहे. ती साध्या जमिनीच्या चौकशीत का येऊ नये?

तिसरा आक्षेप दलालांचा. दप्तर उघडलं की बनावट कागदांचं पीक येतं, मोडी वाचणारा गावात कोणी नाही, जो वाचतो तो सांगेल ते खरं. हे होतं, आणि गरीब माणूस त्यात बुडतो. पण बनावट कागद अंधारात चालतो. इतर नोंदींशेजारी ठेवला की बहुधा पकडला जातो. १९०६ आधीच्या तारखेच्या दस्तावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असेल, तर तो नंतर लिहिलाय. १९३५ च्या कागदावर ‘जिल्हा धुळे’ असेल, तर तोही. कारण हे जिल्ह्याचं नाव महाराष्ट्र राज्य झाल्याच्या सुमारास आलं, तोवर तो पश्चिम खानदेश होता. गट नंबर, हेक्टर-आर, नवे पैसे यांतलं काहीही एकत्रीकरणाच्या, दशमानाच्या आधीच्या कागदावर येऊ शकत नाही. स्टँपवर राजा कोणता? व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. जुना स्टँप नंतर वापरला जाऊ शकतो, पण नव्या राजाचा स्टँप जुन्या तारखेला येत नाही. फेरफारांचे नंबर गावाला सलग असतात. दोन नोंदींमध्ये ‘४१२-अ’ म्हणून घुसवलेली, वेगळ्या शाईची, समासात चढलेली नोंद दिसली की थांबायचं. मोडीत सनावळीही फसवते. ‘सलास अशर मयातैन व अलफ’ म्हणजे तीन, दहा, दोनशे आणि हजार: अरबी सन १२१३. त्यात ५९९ मिळवले की इसवी १८१२, आणि सन मृगाला बदलतो म्हणून पुढचे काही महिने १८१३ मधले. हेच फसली हा दुसरा, महसुली सन समजून ५९० मिळवले तर नऊ वर्षांची चूक होते आणि खरा कागद खोटा ठरतो. शकात ७८ मिळवायचे. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून नाव एका कागदावरून कधीच पक्कं धरू नये. दोन वेगळ्या नोंदींत तेच नाव, तोच बाप, तेच वावर जुळलं तरच धरावं. हे ज्ञान चार माणसांच्या खिशात आहे तोवर दलाली राहणार. तालुक्याच्या गावी वीस-पंचवीस पोरापोरींना एवढं शिकवणं ही काही अशक्य गोष्ट नाही.

आणि इथंच स्कॅनिंगवर समाधानी असणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सातबारा, आठ-अ आणि फेरफार संगणकावर आले, चांगलं झालं. पण त्यांच्यामागची जी कागदपत्रं उलटतपासणीला लागतात, टिपणं, गुणाकार बुकं, योजनापत्रकं, क-ड-ई पत्रकं, फेरफाराच्या मूळ चौकशीचे जबाब, ती सर्वत्र सारखी मिळत नाहीत. मिळतात तिथं ती गावाच्या नावाने रचलेली असतात, सर्व्हे नंबराने शोधता येत नाहीत. दप्तराच्या वर्गवारीत ‘अ’ कायमचं आणि ‘ब’ तीस वर्षांचं. नोंद कायम राहते, पण त्या नोंदीमागची चौकशी नाशनाच्या, म्हणजे नष्ट करायच्या, यादीत जाते. म्हणजे ‘मंजूर’ उरतं आणि कोणी हरकत घेतली होती का, ते नाहीसं होतं. जमिनीच्या चौकशीचे कागद नाशनाला काढण्याआधी ग्रामसभेत यादी वाचली जावी, ही माझी साधी मागणी आहे. माहिती अधिकाराच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या माहितीवरचे बहुतेक अपवाद गळून पडतात; तेव्हा हे दाखवता येत नाही असं उत्तर देणं योग्य नाही.

चौकशीचा अहवाल लिहिणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी: माग जिथं तुटला तिथं तो तुटला असं लिहावं. ‘१८६० च्या दशकापासून १९११ पर्यंत या नंबराचा एकही दस्त सूचीत सापडला नाही, खातेदार बदलला, कारण दिसत नाही’ या वाक्याला लाजायचं कारण नाही. ती पोकळी अंदाजाने भरून सलग वंशावळ-मालिका तयार करणाराच दोन्ही बाजूंना भांडायला दारूगोळा पुरवतो.

सुरुवात कुठून करायची असेल तर अक्कलकुवा, धडगाव, तळोदा आणि नवापूर इथून करावी. जळगाव-अमळनेरकडे कागद भरपूर आहेत आणि वकीलही. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत कागद थोडे, बरेचसे जंगल खात्याच्या आणि भिल्लांच्या कारभारासाठीच्या जुन्या इंग्रजी भिल्ल एजन्सीच्या पत्रव्यवहारात विखुरलेले आहेत. कोणत्या नाल्यापासून कोणत्या महुआपर्यंत कोणाचं वावर होतं, एकसाली प्लॉट कोणत्या साली बंद झाला, हे सांगणारी माणसं तिथं अजून आहेत. त्यांची जबानी कागदाशेजारी लिहून घ्यायची असेल तर घाई करावी लागेल. ती आता ऐंशीच्या पुढची आहेत.